बेतवेकडून केनकडे

झाशीच्या जुन्या वस्तीतील त्या घरात दिवस पहाटे पाच वाजता सुरू होतो. पाणी येण्यापूर्वी नळ दोन-तीनदा खोकतो, थोडी हवा सोडतो आणि मग बोटाएवढी धार लागते. धार चालू असेपर्यंत नाना हौदापाशी उभे असतात. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना पुष्कळ वर्षे झाली, वयाची पंच्याहत्तरी उलटली. परंतु पाणी भरण्याचे काम त्यांनी अजून कोणाच्या हाती दिलेले नाही. घरात सारे मराठी बोलतात. पाण्याचा विषय निघाला की नाना मात्र नकळत बुंदेलीत शिरतात. बहुधा त्या विषयावरची त्यांची सारी भांडणे त्याच भाषेत झालेली असावीत.

बुंदेलखंडात मराठी घरे कशी आली, हे इतिहासाच्या पुस्तकात आहे. १७२९ साली छत्रसालाच्या मदतीला पहिला बाजीराव धावून गेला आणि पुढे छत्रसालाने आपल्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा पेशव्यांना दिला. त्या हिश्श्याबरोबर सुभेदार आले, कारकून आले, भिक्षुक आले, आणि त्यांतले बरेच जण परत गेले नाहीत. नानांचे पूर्वज असेच कधीतरी आले. गुरसराईच्या बाजूला त्यांची थोडी जमीन होती, ती आजही नावावर आहे.

डिसेंबरच्या अखेरीस मुलांच्या शाळेला सुट्टी लागली, तेव्हा घरात डोंगराळ प्रदेशात जाण्याचा बेत शिजू लागला. नातवाला बर्फ हवा होता. परंतु नानांच्या गुडघ्यांना हिमालय झेपणारा नव्हता आणि त्यांना मागे ठेवून जायला कोणी तयार नव्हते. शेवटी मुलाने तोडगा काढला. आपल्याच बुंदेलखंडाचे डोंगर पाहायचे; ओरछाहून निघायचे आणि पन्न्याच्या जंगलापर्यंत जायचे. सूनबाईंचे माहेर साताऱ्याचे. “याला डोंगर म्हणायचे का, नाना?” असे त्या हसून म्हणाल्या. सह्याद्रीच्या कड्यांखाली वाढलेल्या माणसाला झाशीभोवतीची टेकाडे खेळण्यातली वाटावीत, यात नवल नाही. नाना एवढेच म्हणाले, “सूनबाई, म्हाताऱ्या माणसाची उंची मोजू नये.”

त्यांचे म्हणणे भूगर्भशास्त्रालाही मान्य झाले असते. झाशीचा किल्ला ज्या खडकावर उभा आहे, तो बुंदेलखंडचा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण त्याच्यापुढे कालचे पोर ठरतो. तो जेमतेम साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ऊन, वारा आणि पाऊस यांनी ग्रॅनाइटचे डोंगर झिजवून त्यांचे गोल गोल धोंडे केले आहेत. एकावर एक रचलेले ते धोंडे पाहताना कोणी राक्षसपुत्र खेळ अर्धा टाकून उठून गेला असावा असे वाटते. मधूनच गारगोटीची एखादी पांढुरकी भिंत मैलोनमैल धावते. ओढ्याने ती जिथे फोडली आहे, तिथे जुन्या राजांनी बांध घालून तळी केली.

पहिला मुक्काम ओरछाचा. झाशीपासून अवघ्या तासाभराच्या आतला हा रस्ता त्या दिवशी धुक्यामुळे दीड तासाचा झाला. बेतवेच्या काठी बुंदेला राजांच्या छत्र्या उभ्या आहेत. खाली नदी, वर धुके आणि मधेच दगडी शिखरांच्या टोकांवर काही काळे ठिपके. नातवाला ते कळसच वाटले. ऊन वर आले, धुके विरळ झाले, आणि त्यांतल्या एका कळसाने मान फिरवली.

ती लांब चोचीची गिधाडे होती. उन्हाने हवा तापेपर्यंत गिधाड सहसा उडत नाही. जड शरीर वर नेण्यासाठी त्याला चढत्या उष्ण हवेचा आधार लागतो. साडेनऊच्या सुमारास एकाने पंख पसरले, कठड्यावरून नुसते स्वतःला सोडून दिले आणि पंख न हलवता तो नदीवर गोल फिरत वर गेला. मग दुसरा उडाला, मग तिसरा. नववीत शिकणाऱ्या नातीने वही उघडून लिहिले : ‘ओरछा – गिधाडे ११’.

नानांना अकरा हा आकडा खरा वाटेना. त्यांच्या तरुणपणी गुरसराईला बैल मेला की आभाळातून शंभर-शंभर गिधाडे उतरत आणि दुपारपर्यंत सांगाडा चाटून पुसून ठेवत. ती गेली कुठे? उत्तर मुलाला ठाऊक होते. त्याचे औषधांचे दुकान आहे. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचे वेदनाशामक सर्रास टोचले जाई. असे जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. १९९० नंतरच्या दीड दशकात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक आणि लांब चोचीची सुमारे ९७ टक्के नाहीशी झाली. कारण उमगले ते २००४ च्या सुमारास, आणि जनावरांसाठी या औषधावर बंदी आली ती २००६ साली. मुलगा हे सारे सांगत होता, पण त्याची नजर नदीकडे होती. “आपल्या दुकानातूनही जायचे ते,” तो थोड्या वेळाने म्हणाला. “तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.” यावर कोणी काही बोलले नाही.

ओरछाहून खजुराहोच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात बरुआसागर येते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ओरछाच्या उदितसिंह राजाने बांधलेले हे तळे आहे. त्याच्या बांधावर उभे राहिले की एका बाजूला विस्तीर्ण पाणी आणि दुसऱ्या बाजूला हिरव्यागार बागा दिसतात. येथले आले प्रसिद्ध. नानांनी गाडी थांबवायला लावली ती मात्र आल्यासाठी नव्हे. त्यांना मुलांना एक जागा दाखवायची होती.

केन आणि बेतवा या दोन्ही नद्या उत्तरेकडे वाहत जाऊन यमुनेला मिळतात. केनचे पाणी कालव्याने बेतवेच्या खोऱ्यात आणायचे, ही योजना कित्येक वर्षे कागदावर होती. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली आणि २५ डिसेंबर २०२४ रोजी खजुराहोला तिची पायाभरणी झाली. दौधन येथे ७७ मीटर उंचीचे धरण, तेथून २२१ किलोमीटर लांबीचा कालवा, १० लाख हेक्टरांहून अधिक जमिनीला पाणी आणि ६२ लाख लोकांच्या पिण्याची सोय, असे तिचे स्वरूप सांगितले जाते. योजनेच्या आराखड्यानुसार कालव्याचे पाणी बरुआ नदीच्या वाटेने या बरुआसागरात आणि येथून पुढे बेतवेत पोचायचे आहे.

“इथे येणार ते पाणी,” नाना काठीने पाण्याकडे दाखवीत म्हणाले. सणावाराला देवघरात बोलताना लागतो तसा त्यांचा आवाज लागला होता.

तो का लागला, हे समजायला पुढचा रस्ता पुरेसा होता. मऊरानीपूरपर्यंत दोन्ही बाजूंनी हरभऱ्याची आणि मटाराची शेते लागली. मधेच तांबडी उघडी माती, मधेच खडक. या भागात पाऊस पडतच नाही असे नाही. पण खाली खडक असल्याने पडलेले पाणी मुरत नाही, वाहून जाते. चंदेल आणि बुंदेला राजांनी म्हणूनच गावोगावी तळी खोदली. ती गाळाने भरली, काहींत घरे उभी राहिली. २००४ नंतरची चार-पाच वर्षे दुष्काळ पडला, तेव्हा गुरसराईची विहीर कोरडी पडली. जमीन कसणारे कुटुंब दाराला कुलूप लावून दिल्लीला बांधकामावर गेले, ते कायमचे. ती किल्ली अजून नानांच्या कपाटात आहे. पुढे मे २०१६ मध्ये महोब्याच्या टंचाईसाठी केंद्र सरकारने रेल्वेने पाणी पाठवायचे ठरवले. त्यासाठी टाक्यांचे डबे झाशीला येऊन उभे राहिले आणि राज्य सरकारने पाणी नको म्हटल्याने तसेच उभे राहिले. ज्या यार्डात आयुष्य गेले, तिथे रिकाम्या टाक्यांची गाडी उभी आहे, हे नाना मुद्दाम जाऊन पाहून आले होते.

नौगावच्या पुढे धुबेला येथे छत्रसालाच्या नावाचे संग्रहालय आणि मस्तानीचा महाल आहे. तेथे तासभर गेला. खजुराहोच्या देवळांविषयी इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याचे कारण नाही. नातवाने शार्दूलाच्या मूर्तीला वाघ समजून नमस्कार केला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

खजुराहोपासून जवळच केन नदीने जे केले आहे, त्यापुढे शिल्पकारांनीही हात जोडले असतील. रनेह येथे नदी एकाएकी खडकात उतरते. सुमारे पाच किलोमीटर लांब आणि तीस मीटर खोल अशी ती घळई अस्सल ग्रॅनाइटची आहे. कुठे गुलाबी, कुठे विटकरी, कुठे राखी. पावसाळ्यात येथे धबधबे कोसळतात. डिसेंबरात दोन-तीन बारीक धारा आणि तळाशी हिरवे, निश्चल पाणी होते. झाशीभोवती ज्याचे गोल धोंडे झालेले पाहिले, त्याच खडकाचे हे अंतरंग. सूनबाई कठड्याला धरून बराच वेळ खाली पाहत राहिल्या. “नाना, तुमचे डोंगर खाली आहेत होय!” त्या म्हणाल्या. नाना खूश झाले. येथून खालच्या पात्रात घडियालांसाठी १९८५ साली अभयारण्य झाले. घडियाल काही दिसला नाही. एका खडकावर मगर मात्र जबडा उघडून पडली होती, आणि ती खरी आहे की पुतळा, यावर दोन्ही भावंडांची पैज लागली. मगरीने अर्धा तास निकाल दिला नाही.

पन्न्याचे जंगल हिरव्या कोकणी जंगलासारखे नाही. करधई, सलई, तेंदू आणि मधूनमधून साग, अशी ही कोरड्या हवेतली राने. करधईची पाने थंडीत तांबूस होतात आणि मग झडतात. झाड वाळल्यासारखे दिसते. पण हवेत नुसती ओल आली तरी ते पालवते, पावसाची वाट पाहत नाही, असे तेथले लोक सांगतात. पहाटेच्या गारठ्यात उघड्या जीपमधून जाताना पाचही जणांनी अंगावर घोंगड्या घेतल्या होत्या. वाटाड्या पंचविशीचा, जवळच्याच वस्तीवरचा होता. धुळीत उमटलेले चार बोटांचे गोल ठसे त्याने दाखवले. वाघीण पहाटेच गेलेली होती. थोड्याच वेळात टेकडीच्या अंगाने सांबराचा इशारा आला, तुटक आणि मोठा. जीप थांबली. चितळांच्या माना एका दिशेला वळल्या. पाच मिनिटे कोणी श्वासही मोठ्याने घेतला नाही. वाघ दिसला नाही. नातवाचा चेहरा पडला.

त्याची समजूत काढण्यासाठी वाटाड्याने त्याला दुसऱ्या एका वाघाची गोष्ट सांगितली, आणि ती खरी आहे. २००९ साली पन्न्यात एकही वाघ उरला नव्हता. शिकाऱ्यांनी तो संपवला होता. मग बांधवगड आणि कान्हा येथून दोन वाघिणी आणल्या आणि नोव्हेंबरात पेंचहून एक नर आणला. हा नर थोड्याच दिवसांत दक्षिणेची वाट चालू लागला. त्याचे जंगल त्या दिशेला होते. क्षेत्रसंचालक आर. श्रीनिवास मूर्ती यांचे सहकारी आणि पाळीव हत्ती महिनाभर त्याच्या मागावर राहिले. शेकडो किलोमीटर चालून गेलेल्या त्या वाघाला डिसेंबरच्या अखेरीस दमोहच्या बाजूला बेशुद्ध करून परत आणले. एप्रिल २०१० मध्ये पन्न्यात बछडे जन्मले. आज तेथे पन्नासहून अधिक वाघ आहेत.

“त्याला घरी जायचे होते,” नातू म्हणाला.

“मग इथेच घर केले त्याने,” वाटाड्याने उत्तर दिले. नाना या बोलण्यावर किंचित हसले. दक्षिणेकडून येऊन इथेच राहिलेल्यांची गोष्ट त्यांना नवी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप पठारावरच्या धुंधुवा सेह्याला गेली. सेहा म्हणजे दरी. सपाट, पिवळ्या गवताचे पठार एकाएकी पायाखाली संपते आणि खोल दरीभोवती वालुकाश्माचे कडे अर्धवर्तुळात उभे राहतात. कड्यांवर चुना ओतल्यासारखे पांढरे ओघळ होते, आणि प्रत्येक ओघळाच्या वर, कपारीत, एक घरटे. लांब चोचीच्या गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते. काही माद्या त्यावर बसल्या होत्या. बाकीचे पक्षी उन्हाची वाट पाहत ओळीने टेकले होते. मग हवा तापली आणि ते एकामागून एक दरीत सुटले. पाहणारे वर होते आणि उडणारे खाली. गिधाडाची पाठ उन्हात मधाच्या रंगाची दिसते, हे जमिनीवरून आभाळाकडे पाहणाऱ्याला कधी कळत नाही. नात मोजत होती. तीन वेळा चुकली, तीन वेळा पुन्हा मोजले. ‘धुंधुवा – ३४’. मुलाने कोणी न सांगता ती वही घेतली आणि स्वतः एकदा मोजून पाहिले.

नानांनी वाटाड्याला विचारले, “धरणाचे पाणी कुठवर येणार?”

त्याने हाताने केनच्या खोऱ्याकडे एक रेघ ओढली. सहा हजार हेक्टरांहून अधिक वनजमीन या प्रकल्पात जाणार आहे. वीस लाखांहून अधिक झाडे जातील असा सरकारी छाननीतलाच अंदाज होता. आणि कड्यांवरची काही घरटी पाण्याखाली जातील, असे वन्यजीव अभ्यासकांचे म्हणणे आहे. वाटाड्याने यांतले काहीच सांगितले नाही. तो आपल्याबद्दल बोलला. त्याच्या लहानपणी वाघासाठी त्याचे गाव जंगलातून उठवले होते. वाघ परत आला, त्याला हे काम मिळाले, तक्रार नाही. आता त्याच्या सासुरवाडीचे गाव पाण्याच्या यादीत आहे. “तुम्ही कुठले, बाबूजी?” त्याने विचारले.

“झाशीचे,” नाना म्हणाले, आणि पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत.

रात्री मडल्याच्या विश्रामगृहात जेवताना नातीने विषय काढला. तिला धरण मुळीच नको होते. लहान माणसाला अशी मते सोपी असतात, असे म्हणून नाना ते उडवून लावू शकले असते, पण त्यांनी तसे केले नाही. गुरसराईच्या किल्लीची गोष्ट त्यांनी तिला पहिल्यांदा सविस्तर सांगितली : ते कुटुंब, त्यांची तुझ्याएवढी मुलगी, आणि तिने जाताना अंगणातली तुळस उपटून बरोबर नेली ती. नात ऐकत राहिली. मग म्हणाली, “नाना, तळ्यांतला गाळ काढला तर?” नाना म्हणाले, “काढायला हवा होता. आम्ही काढला नाही.” आणि त्यांनी ताटातला भाताचा शेवटचा घास संपवला. सूनबाईंनी दिवा मालवला तेव्हाही खिडकीबाहेर केनचा बारीक आवाज चालू होता. नाना जागे असावेत. पहाटे पाचला, जिथे नळ नव्हता तिथेही, ते उठून बाहेर गेले. सूनबाई पाहायला गेल्या तेव्हा ते नदीकडे तोंड करून शाल लपेटून उभे होते.

परतीच्या दिवशी संध्याकाळी गाडी पुन्हा बरुआसागरला थांबली. ऊन तळ्यावर तिरपे पडले होते. या खेपेस आले घ्यायचे म्हणून थांबले होते. मुलगा भाव करीत होता. नातवाने बांधावरून एक चपटा दगड पाण्यावर फेकला. तो तीन वेळा उडाला आणि बुडाला.

“नाना, केनचे पाणी इथे आले की मगरही येईल का?”

“नाही रे. कालव्यातून मगर कशी येईल?”

“आणि गिधाडे?”

नाना पाण्याकडे पाहत राहिले. समोरच्या काठावर कोणी म्हातारी गाळात रुतलेली म्हैस बाहेर काढण्यासाठी हाका मारीत होती. तिचा आवाज पाण्यावरून स्पष्ट येत होता. नातीने वही काढली, ‘बरुआसागर’ असे लिहिले आणि पुढे रकाना मोकळा ठेवला. तेवढ्यात सूनबाईंनी गाडीतून हाक मारली, आल्याची पिशवी घेतली का म्हणून. ती बांधावरच राहिली होती. नाना ती आणायला स्वतः गेले.